घराचा व्यवहार : वेळ आणि मोल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून' ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. या दोहोंपैकी लग्नाच्या बाबतीत आपण सावध असतो. घराणे पाहतो, चार ठिकाणी चौकशी करतो, मुलामुलीची पसंती विचारतो, आणि मगच सुपारी फोडतो. घराच्या बाबतीत मात्र हीच मंडळी एका रविवारी जागा पाहतात आणि दुसऱ्या रविवारी इसार देऊन मोकळी होतात. आयुष्यभराची पुंजी ज्यात पडते, किंबहुना पुढील वीस वर्षांची कमाईही जीत आगाऊ गहाण पडते, त्या व्यवहाराला आपण पंधरा दिवसही देत नाही. म्हणून आज घर कधी घ्यावे, कधी विकावे, आणि त्याचे मोल कसे ठरवावे, एवढ्याच विषयाचा विचार आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रारंभीच एक भ्रम दूर केला पाहिजे. 'जागेचा भाव कधी उतरत नाही' असे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. हे खरे नाही. मुंबईत १९९५-९६ च्या सुमारास भाव शिखरावर गेले आणि त्यानंतर पुढील कित्येक वर्षे ते उतरत राहिले. त्या ऐन भरात ज्यांनी कर्जाऊ पैशाने जागा घेतल्या, त्यांना आपली मूळ रक्कम परत दिसावयास दीर्घकाळ वाट पहावी लागली. २०१३ नंतरच्या सहा-सात वर्षांतही अनेक शहरांत भाव जवळजवळ जागच्या जागी राहिले आणि महागाई मात्र चालत राहिली. तेव्हा 'आज नाही घेतले तर कधीच मिळणार नाही' असे जो सांगतो, तो बहुधा विकणारा असतो, हे ध्यानात ठेवावे. परंतु याचा अर्थ तळ गाठेपर्यंत थांबावे असाही नव्हे. तळ कोणता आणि शिखर कोणते, हे ते उलटून गेल्यावरच कळते. राहावयास घर घेणाऱ्याने बाजाराची वेळ पाहण्यापेक्षा स्वतःची वेळ पहावी : नोकरीचा ठिकाणा स्थिर आहे काय, पदरची रक्कम पुरेशी आहे काय, आणि निदान सात-आठ वर्षे तेथे राहणे होईल काय? या तिन्ही प्रश्नांना 'होय' असे उत्तर येत असेल, तर वेळ योग्य आहे असे समजावे.

आता कर्जाचा विचार. ५० लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने साडेसात टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ४०,२८० रुपये पडतो. तेच साडेआठ टक्क्यांनी घेतल्यास ४३,३९० रुपये. महिन्याचा फरक तीन हजारांचा दिसतो; परंतु २४० हप्त्यांचा हिशेब केला, तर तो साडेसात लाखांच्या घरात जातो. विक्रेत्याशी पन्नास हजारांसाठी तासभर हुज्जत घालणारे गृहस्थ बँकेच्या दराविषयी एक शब्दही विचारीत नाहीत, हे आश्चर्य होय. शिवाय १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या मापाशी जोडलेली असतात. हा रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा टक्क्यांवर गेला. पुढे २०२५ मध्ये तो पुन्हा उतरविण्यात आला. स्वस्त दर पाहून ज्यांनी ओढाताणीने मोठी जागा घेतली, त्यांचे हप्ते तरी वाढले किंवा मुदत तरी लांबली. म्हणून दोन टक्के अधिक दर धरून हप्ता काढावा, आणि तो झेपत असेल तरच सही करावी.

सरकारी सवलतींचेही असेच आहे. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात महाराष्ट्र शासनाने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली. मुंबईत पाचाचे दोन टक्के झाले. त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत सूट दोन टक्क्यांची होती. ८० लाखांच्या घरावर पहिल्या चार महिन्यांत २ लाख ४० हजार रुपये वाचले. ज्यांची कागदपत्रे आधीच तयार होती, त्यांना हा लाभ पुरता मिळाला. ज्यांनी सवलत जाहीर झाल्यावर धावपळ आरंभिली, त्यांनी शोध न घेता जागा घेतल्या. १ एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास एक टक्का सूट आहे. ही सूट तर वाट पहावयास लावणारी नाहीच. सूनबाईंच्या किंवा लेकीच्या नावे घर करावयास आपले हात अडखळतात, एवढीच काय ती अडचण!

वर्षातील कोणता काळ बरा, असेही पुष्कळजण विचारतात. पाडवा आणि दसरा या मुहूर्तांना घेणाऱ्यांची गर्दी असते, पितृपंधरवड्यात बाजार ओस पडतो. धर्मभावनेचा आम्हांस आदर आहे. परंतु बोलणी करण्यास मुहूर्त लागत नाही. शांत बाजारात बोलणी करावीत आणि दसऱ्याला कागद करावा, यात धर्मही राहतो आणि पैसाही राहतो. जागा मात्र एकदा तरी भर पावसात पहावी. आषाढात गच्ची आणि पश्चिमेची भिंत जे सांगतात, ते उन्हाळ्यातील नवा रंग सांगत नाही.

आता मोलाकडे वळू. पहिला नियम असा की, भाव नेहमी चटई क्षेत्रावर काढावा. एक जागा ७२ लाखांना आणि दुसरी ७५ लाखांना मिळते. पहिली स्वस्त वाटते. पण पहिलीचे चटई क्षेत्र ५४० चौरस फूट आणि दुसरीचे ६०० असेल, तर पहिलीचा भाव फुटाला १३,३३३ रुपये आणि दुसरीचा १२,५०० रुपये होतो. रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आल्यानंतर बांधकाम व्यावसायिकाला चटई क्षेत्रच सांगावे लागते, आणि नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जुन्या जागेच्या विक्रीत मात्र हा हिशेब आपला आपणच करावयाचा असतो.

दुसरा नियम असा की, मागितलेला भाव हा भाव नव्हे. शेजारच्या इमारतीत कोणी एक कोटी मागतो म्हणून आपल्या घराचे एक कोटी होत नाहीत. प्रत्यक्ष किती रुपयांना विक्री झाली हे पहावे. नोंदणी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्याच गल्लीतील गेल्या वर्षभराचे चार-पाच दस्त काढले, तर दलालाच्या बोलण्याहून अधिक खरे उत्तर मिळते.

तिसरा नियम विकणाऱ्यासाठी. आपल्याला घराचे मोल आठवणींच्या मापाने वाटते. घेणाऱ्याला त्या आठवणींशी कर्तव्य नसते. समजा, ८० लाखांचे गिऱ्हाईक दारात आले आहे आणि आपण ८५ लाखांसाठी हटून बसलो. ८० लाखांवर सात टक्क्यांनी महिन्याला सुमारे ४६,६०० रुपये व्याज सुटते. म्हणजे अकरा महिने वाट पाहिली की वरचे पाच लाख व्याजातच गेले. सोसायटीचा देखभाल खर्च आणि घरपट्टी आणखी निराळी. वाट पाहण्यालाही मोल असते आणि ते विकणाराच देतो. आरंभी अवाच्या सवा भाव सांगून मग दर महिन्यास उतरणारे घर बाजारात 'पडून राहिलेले' ठरते, आणि मग योग्य भावही कोणी देत नाही.

वेळेचा सर्वांत काटेकोर हिशेब प्राप्तिकरात आहे. घर चोवीस महिन्यांहून अधिक काळ आपल्याकडे असले, तर होणारा नफा दीर्घ मुदतीचा ठरतो आणि कर सौम्य लागतो. एक महिना आधी विकल्यास तोच नफा आपल्या इतर उत्पन्नात मिळून जातो. २३ जुलै २०२४ पासून या नफ्यावरील दर साडेबारा टक्के झाला आणि महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय गेली. परंतु त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत येथील रहिवासी व्यक्तीला जुन्या रीतीने, म्हणजे वाढीव खरेदी किंमत धरून वीस टक्क्यांनी, हिशेब करण्याची मुभा ठेवली आहे. २००५-०६ मध्ये १२ लाखांना घेतलेले घर २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकले, तर नव्या रीतीने साडेआठ लाख आणि जुन्या रीतीने सुमारे ८ लाख २९ हजार कर येतो. अधिभार आणि उपकर वेगळे. दोन्ही हिशेब करून पाहावेत. हा नफा दुसऱ्या घरात घालावयाचा असेल, तर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर घ्यावे, अथवा तीन वर्षांत बांधावे, म्हणजे करमाफी मिळते. ही मुदत पाहूनच 'आधी विकावे की आधी घ्यावे' याचा निर्णय करावा. सर्वसाधारणपणे आधी विकून, ताबा देण्यास तीन-चार महिन्यांची सवड करारातच मागून घेणे, हे दोन घरांच्या ओझ्याखाली सापडण्यापेक्षा बरे.

येथवर आकड्यांचे झाले. आता जे सांगावयाचे आहे ते आपल्या ज्ञातीसाठी विशेष महत्त्वाचे आहे.

'आपल्यातलाच माणूस आहे, कागद कशाला?' हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! ज्ञातिबांधवाला दोन पैसे कमी घेऊन घर द्यावे ही भावना थोर आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने ज्ञातिबांधव हा नातेवाईक नव्हे. शासकीय मूल्यदर तक्त्याप्रमाणे ६० लाखांचे घर आपण प्रेमाखातर ५० लाखांना दिले, तर फरक दहा टक्क्यांच्या मर्यादेबाहेर जातो. मग विकणाऱ्याला ६० लाख मिळाले असे धरून कर लागतो, घेणाऱ्याच्या उत्पन्नात वरचे दहा लाख मिळविले जातात, आणि मुद्रांक शुल्कही ६० लाखांवरच पडते. दोघांचे हित करावयास गेलो आणि दोघांनाही खड्ड्यात घातले, असे होते. त्याहून वाईट म्हणजे काही रक्कम रोखीने देण्याघेण्याची चाल. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रोख स्वीकारणे निषिद्ध आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतका आहे. रोखीचा पुरावा नसतो; व्यवहार फिसकटला की पैसा जातो आणि सोयरीकही जाते.

आणि शेवटची गोष्ट, वडिलोपार्जित घराची. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांचा गावाकडील वाडा आज बंद आहे. एका भावाला पैशाची निकड असते, दुसऱ्याला भाव वाढेलसे वाटते, तिसरा परदेशात असतो, आणि बहिणींना कोणी विचारलेलेच नसते. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, तो हक्क तिचाच. तेव्हा बहिणीच्या सहीवाचून केलेला सौदा हा अर्धवट सौदा होय. पण कायदा बाजूस ठेवला तरी आम्ही विचारतो : भाऊबीजेला जिच्या हातून ओवाळून घेतो, तिच्याकडे केवळ कागदावर सही घेण्यासाठीच जावे काय? तिला आधी बोलवावे, भाव सांगावा, तिचे मत घ्यावे. सोसायटीत वारस म्हणून ज्याचे नाव लावले तोच मालक, हाही गैरसमज सोडावा. नामनिर्देशनाने मालकी येत नाही.

अशा घरासाठी आमची सूचना अशी. घरातील माणूस गेल्यावर पहिल्या वर्षात, अपरिहार्य निकड नसेल तर, विक्रीचा निर्णय करू नये. ते वर्ष कागद सरळ करण्यात घालवावे. मिळकत पत्रिका, वारस नोंद, तीस वर्षांचा शोध अहवाल ही तयार ठेवावीत. मग नोंदणीकृत मूल्यांककाकडून किंमत काढून घ्यावी आणि सर्व भावंडांनी किमान भाव व अखेरची तारीख लिहून ठरवावी. निकड असलेल्या भावाचा हिस्सा त्या मूल्याने इतरांनी घ्यावा. ते न साधल्यास सर्वांनी मिळून विकावे. वाटण्या होऊन भिंत उभी राहिली, तर घराचा भाव पडतो, आणि माणसांचाही.

मंडळाने वधूवर नोंदणीप्रमाणे घर घेऊ-विकू इच्छिणाऱ्यांचीही नोंदवही ठेवावी, आणि ज्ञातीतील वकील व हिशेबनीस मंडळींनी महिन्यातून एक सायंकाळ सल्ल्यासाठी द्यावी, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे. लग्नाच्या वेळी जशी चार माणसे पाठीशी उभी राहतात, तशी घराच्या वेळीही राहावीत. ज्याच्या त्याच्या घरात समाधानाने दिवा लागो, अशी कुलदेवतेजवळ प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.