गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी



कामगार चळवळीतला माणूस मोटारीच्या गिअरवर काय बोलणार, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. मी कॉलेजात शिकलेलो नाही. जे समजले ते फिटरबंधूंच्या शेजारी उकिडवे बसून समजले. पण आधी चौकशी आणि मग शिक्षा, हा नियम मी आयुष्यभर मांडत आलो. तोच नियम यंत्रालाही लागू आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

१९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स बाजारात आणला. तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे: डाव्या पायाचे काम तेलाचा दाब करतो. पंप तेल दाबतो, व्हॉल्व्ह त्याला वाट देतात आणि त्या दाबाने क्लचच्या चकत्या घट्ट आवळल्या जातात. दाब वेळेवर पोहोचला नाही तर गिअर उशिरा पडतो. एकदम जोराने आला तर गचका बसतो. आजच्या गाड्यांत व्हॉल्व्हवर सोलेनॉइडचा आणि सोलेनॉइडवर संगणकाचा हुकूम चालतो.

मात्र आपल्याकडे २०१४ पासून छोट्या गाड्यांत रुळलेला एएमटी हा प्रकार वेगळा. तो साधाच गिअरबॉक्स. क्लच दाबायला माणसाऐवजी यंत्र बसवलेले. गिअर बदलताना त्यात थोडा खंड पडतो, तो स्वभाव आहे, रोग नव्हे. म्हणून गाडी कोणत्या जातीची, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न चालवणाऱ्याला. त्रास गाडी थंड असताना होतो की तापल्यावर? सगळ्या गिअरांत की एकाच? सगळ्यांत असेल तर संशय तेलावर आणि दाबावर. एकाच गिअरात असेल तर त्या गिअरच्या क्लचवर किंवा सोलेनॉइडवर. बॅटरी नुकतीच काढली होती का? काही गाड्यांत त्यामुळे संगणकाची शिकलेली सवय पुसली जाते आणि ती पुन्हा बसेपर्यंत झटके येतात.

तिसरी पायरी तेलाची. पातळी कंपनीने सांगितलेल्या तपमानालाच पाहावी. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो. जास्त झाले तर फेस होतो. काळे पडून करपट वास आला तर चकत्या जळाल्याची शंका घ्यावी. दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. दुसऱ्याच जातीचे तेल भरले असेल तरीही गिअर बिघडतो.

मग स्कॅनर लावून कोड पाहावेत. पण कोड म्हणजे तक्रार, निकाल नव्हे. सोलेनॉइडचा कोड तुटलेल्या वायरीमुळेही येतो. इंजिनाचे माउंटिंग तपासावे. ते फाटले असेल तर निर्दोष गिअरबॉक्सही धक्का दिल्यासारखा वाटतो. शेवटी गेज लावून दाब मोजावा. एवढे झाल्यावरच पाना हाती घ्यावा.

हा क्रम चुकला तर भुर्दंड कोणाला पडतो? आमच्या युनियनमधील एका ड्रायव्हरबंधूवर मालकाने ठपका ठेवला, “तू गाडी दामटतोस, म्हणून गिअर गेला.” नव्या गिअरबॉक्सचा खर्च पगारातून कापण्याची भाषा सुरू झाली. तो महिनाभर सांगत होता, की डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद हलत नाही आणि उभी असते तिथे जमिनीवर लाल डाग पडतो. आम्ही गाडी वर उचलून पाहायला लावली. तेल थंड करायला नेणाऱ्या नळीचा जोड पाझरत होता! नळी बदलली, योग्य तेल भरले, गाडी सुरळीत झाली. साक्षीदार पहिल्या दिवसापासून हजर होता. त्याची साक्ष कोणी घेतली नव्हती, इतकेच.

प्रत्येक वेळी नळीवर भागते असे नाही. चकत्या खरोखर झिजल्या असतील तर गिअरबॉक्स खोलावाच लागतो, आणि तेव्हा फिटरच्या मजुरीत घासाघीस करू नये. पण “पुरा गिअरबॉक्स बदला” असे कोणी सांगितले, तर शांतपणे विचारा: तेल पाहिले का? कोड काढले का? दाब किती आला? ज्याने खरोखर तपासले आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि जो रोज गाडी चालवतो, त्याला सर्वांत आधी विचारा.