घरमोटारीमागची गाडी



अमेरिकेत चूल, बिछाने, पाण्याची टाकी असे सारे घरच मोटारीच्या सांगाड्यावर चढवून लोक फिरतीला निघतात. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनी १९६६ पासून अशा घरमोटारी बनवू लागली. त्या व पुढच्या दशकातल्या पेट्रोलवरील जुन्या घरमोटारी आजही रस्त्यावर दिसतात. एवढे धूड घेऊन बाजाराला कोण जाणार? म्हणून मागे एक लहान मोटार बांधून नेतात. तुमची मुले-नातवंडे तिकडे असतील आणि असा बेत करीत असतील, तर पुढील चार गोष्टी त्यांना जरूर कळवा.

“इंजिन ओढील का?” हे सगळे विचारतात. शेवर्लेचे ७.४ लिटरचे इंजिन ओढील हो! प्रश्न आहे तो थांबण्याचा. उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर कशी येते, हे तुम्हांला सांगायला नको. घरमोटारीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या वजनापुरते केलेले असतात. त्यात मागून तेराशे किलोंचा रेटा आला, की घाटात ब्रेक तापतात. फार तापले म्हणजे पाय दाबूनही पकड येत नाही.

म्हणून आधी काट्यावर वजन करावे, तेही माणसे, सामान, पेट्रोल, पाणी भरून. समजा, कारखान्याने दोन्ही वाहनांची मिळून मर्यादा ८,००० किलो दिली आहे आणि भरलेले घर ६,९०० भरले. उरले अकराशे, तेराशेची मोटार बसली नाही. टाकीतले तीनशे लिटर पाणी काढा, तीनशे किलो कमी होतील. पण मागच्या आकड्याची मर्यादा वेगळी असते, तीही पाहावी. पुष्कळ जुन्या घरांत सांगाडा मागे जोड देऊन वाढवलेला असतो आणि आकडा त्या जोडावरच बसवलेला असतो. तो जोड गंजला असेल तर बाकीचा हिशेब फुकट.

मागच्या मोटारीला स्वतंत्र ब्रेक हवेच, पुढचा ब्रेक दाबताच लागणारे. दांडा निसटला तर ते आपोआप लागावेत अशी दोरीही हवी, आणि साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या बांधाव्यात.

कोलोरॅडोतील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ११,००० फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनाची सुमारे तीस टक्के शक्ती जाते. चढताना घाई नको. उष्म्याने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडते. उतरताना मात्र घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर घालावा. वेग वाढल्यावर घालू म्हटले तर जमत नाही.

आणखी एक. चारही चाकांवर ओढली जाणारी मोटार तशी ओढण्याजोगी आहे का, हे तिच्याच माहितीपुस्तकात पाहावे. पुष्कळ स्वयंचलित गिअरच्या मोटारींत इंजिन बंद असताना गिअरपेटीत तेल फिरत नाही; शंभर मैलांत पेटी जळायची.

आणि अशी जोडी मागे घेता येत नाही बरे का! मागच्या मोटारीची पुढली चाके आडवी फिरतात व दांडा वाकतो. तेव्हा अरुंद पेट्रोलपंपात शिरण्यापूर्वी, पलीकडून बाहेर पडायला वाट आहे की नाही, हे कोणीतरी उतरून पाहून यावे.