फितूर कोणाला म्हणायचं?



फितुरी, गद्दारी, नमकहरामी, दगाबाजी, द्रोह... बेइमानीसाठी मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. पण या सगळ्या शब्दांची एक अट आहे: आधी मीठ खाल्लेलं असलं पाहिजे. औरंगजेब मराठ्यांचा शत्रू. त्याला कोणी फितूर म्हणत नाही. फितूर व्हायला माणूस किल्ल्याच्या आतला लागतो. साक्षीदार 'फितूर झाला' असं आपण म्हणतो, तेही तो आधी आपल्या बाजूचा होता म्हणूनच.

मग परक्या सरकारचं मीठ कोणी खाल्लं होतं? १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तो 'केसरी'तल्या मजकुरावरून. कलम १२४-अ प्रमाणे सरकारविषयी 'अप्रीती' निर्माण करणं हा गुन्हा. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! म्हणजे सरकारनं नुसता कर मागितला नव्हता, मायाही मागितली होती. सहा युरोपियन ज्युरर म्हणाले दोषी, तिघे भारतीय म्हणाले निर्दोष. शिक्षा झाली दीड वर्षाची. पुढच्याच वर्षी कलम दुरुस्त करून अप्रीतीत राजनिष्ठेचा अभावही येतो, असा खुलासा त्यात घालण्यात आला.

१९०८ साली पुन्हा खटला. या वेळी न्यायासनावर होते दावर. १८९७ मध्ये टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील हेच! आता त्यांनीच जामीन नाकारला. लेख मराठीत आणि ज्युरीला मराठी येत नाही, ही टिळकांची हरकत चालली नाही. सरकारी भाषांतरानं आपल्या शब्दांचा अर्थच पालटला, हे ते एकवीस तासांहून अधिक बोलून पटवत राहिले. ज्युरीतले दोघे पारशी त्यांच्या बाजूनं गेले, सात युरोपियन विरुद्ध. सहा वर्षं मंडाले.

१९२२ मध्ये अहमदाबादेत राजद्रोहाच्याच खटल्यात गांधीजींनी मात्र शब्दाचा कीस काढलाच नाही. गुन्हा सरळ कबूल केला आणि वर सुनावलं, की प्रेम कायद्यानं पैदा करता येत नाही. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देत तेवढीच, सहा वर्षांची शिक्षा दिली. टिळकांच्या नावाशी आपलं नाव जोडलं गेलं, हा आपला बहुमान आहे, असं गांधीजी त्यांना म्हणाले.