कागदावर उघडलेलं तळं



महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं कागदावर सगळ्यांना उघडलं. पाणी प्यायला मात्र 1927 ला चालत जावं लागलं. आज ज्ञानाचं तसंच चाललंय.

पूर्वी ग्रंथालय जर्नलचा अंक विकत घेई, तो कपाटात राही. आता डेटाबेसची वर्गणी भरायची. पासवर्ड असेल तोच आत. 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं. तीन वर्षांना 6000 कोटी, जवळपास 13,000 जर्नलं. पण पहिला टप्पा सरकारी विद्यापीठं, कॉलेजं, संशोधन संस्थांचा. पैसा जनतेचा, आणि भाईंदरहून लोकल पकडून गोदीत ओझी वाहणारा मॅट्रिक पास गडी दाराबाहेर!

मागणी एकच: मीरा-भाईंदरच्या सार्वजनिक वाचनालयात ही जर्नलं उघडा. पदवी विचारू नका. नाहीतर आपण पुन्हा चालत येऊ.