कोणता मोबाईल घेऊ?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



गेली वीस-बावीस वर्षं मला लिफ्टमध्ये एकच प्रश्न विचारला जातो. "कोणता मोबाईल घेऊ?" तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात उत्तर द्यायचं असतं. पूर्वी मी रॅम, प्रोसेसर, मेगापिक्सेल असलं काहीबाही सांगायचो. आता उलट विचारतो, "आधीच्याला काय झालंय?" बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. बॅटरी दमलेली असते, ती बदलून मिळते. नाहीतर सुप्रभाताच्या फुलांनी जागा भरलेली असते. ती पुसायला पैसे पडत नाहीत.

मी मुळात गॅजेटवेडा माणूस. घरात तीन निवृत्त लॅपटॉप आहेत आणि जुन्या वायरींचा एक डबा आहे, त्याला आमच्या घरात 'सापांची टोपली' म्हणतात. तेव्हा सेक्रेटरींनी 'तंत्रज्ञान आणि वाचन' हा विषय दिला, तो योग्य माणसाला दिला असं मला वाटलं. भाषण लिहायला बसल्यावर मात्र तसं वाटेना. का, ते सांगतो.

आधी चांगलं सांगतो. मी किंडलवर वाचतो आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. त्याच्या पडद्याच्या आत बारीक बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. पान उलटताना तेवढी वीज लागते, मग अक्षर आपलं आपण जागेवर राहतं. म्हणून तो उन्हात वाचता येतो आणि एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो. २०१६ च्या डिसेंबरात त्यावर मराठी पुस्तकं आली, तेव्हा मी पेढे वाटायचाच बाकी होतो. मोल्सवर्थचा १८५७ सालचा जाडजूड कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. बी विंगमधल्या काकूंना मोतीबिंदूनंतर पेपर वाचवत नव्हता. त्यांच्या मोबाईलवरची अक्षरं मोठी करून दिली, आता त्या मलाच बातम्या सांगतात. पुस्तकाचा वास वगैरे म्हणणाऱ्यांनी एकदा काकूंशी बोलावं.

पण एक गोष्ट. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत लोकांनी विकत घेतलेली ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं ॲमेझॉनने त्यांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. तरी कपाटातलं पुस्तक असं रात्रीत जात नाही. ही बातमी मी तेव्हा हसत हसत सगळ्यांना सांगितली होती. माझ्या हातून तेच झालेलं होतं, ते मला ठाऊक नव्हतं.

१९९९ ते २००२ आपली इतिवृत्तं वहीत लिहिलेली आहेत. अण्णांचं अक्षर. अण्णा तेव्हा सेक्रेटरी. मी नवा कॉम्प्युटर घेतला होता, अंगात वारं होतं. सभेत उभा राहून म्हणालो, आता वही बंद, सगळं कॉम्प्युटरवर. टाळ्या पडल्या. अण्णा एवढंच म्हणाले, "वहीही राहू दे की." मी राहू दिली नाही.

२६ जुलै २००५ ला ऑफिसात कंबरेएवढं पाणी शिरलं. अण्णांची वही भिजली. गच्चीवर वाळवली, पानं फुगली, पण बॉलपेनचं अक्षर आजही लागतं. माझ्या इंकजेट प्रिंटांचा नुसता काळानिळा चिखल झाला. मी म्हटलं, काळजी नको, सीडी आहे.

सीडी होतीच. २०१९ मध्ये पार्किंगचा वाद निघाला, तो सगळ्यांना आठवत असेल. अण्णांचं म्हणणं, ती जागा माझी, मी आजारी शेजाऱ्याला वापरायला दिली होती, फ्लॅट विकला की परत मिळायची, तसा ठराव झालाय. "कागद दाखवा." मी सीडी लावली. फाईल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, टोप्या, कंस. मराठी एक अक्षर नाही.

झालं होतं असं. त्या काळातले मराठी फॉन्ट म्हणजे मुखवटे होते. आत इंग्रजी अक्षराचा क्रमांक, वर मराठी चित्र. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. माझा फॉन्ट प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या कुलपाशिवाय चालत नव्हता. ते कुलूप हरवलेलं, आणि बनवणाऱ्यांचा पत्ता नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, 'क' चा ०९१५, तो जगात कुठेही 'क'च. हे १९९१ पासून होतं. माझ्या विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्टही फुकट आलेला होता. पण मंगल मला दिसायला आवडत नव्हता! माझे फॉन्ट वळणदार होते.

सभेत कुणीतरी म्हणालं, अण्णांचं वय झालंय, घोटाळा होतो त्यांचा. अण्णा खाली बसले. मी गप्प होतो. पुढच्या वर्षी ते मुलाकडे नाशिकला गेले.

लॉकडाऊनमध्ये मला वेळ मिळाला. माझ्याकडे तेव्हाच्या एका नोटिशीचा कोरडा राहिलेला प्रिंट होता. तिची फाईल आणि तो कागद शेजारी ठेवून कुठल्या चिन्हामागे कुठलं अक्षर आहे याचा तक्ता केला. काना वेगळा, अर्धी अक्षरं वेगळी, रफार भलत्याच ठिकाणी. अकरा दिवस लागले. मग २००४ ची फाईल त्यातून काढली. अण्णांना फोन केला. म्हणाले, "मला माहीत होतं रे. मला कशाला वाचून दाखवतोस? त्यांना दाखव."

तेव्हा सभा होत नव्हत्या. नंतर विषय मागे पडला. खरं सांगायचं तर मी पडू दिला. आता वही पुन्हा सुरू आहे, शिवाय युनिकोडमध्ये टाईप होतं आणि लेझर प्रिंट पहिल्या मजल्यावरच्या कपाटात असतो. पण अण्णांचं काम राहिलं होतं. गुडघ्यांमुळे ते आज आले नाहीत. विषयाला सोडून आहे असं वाटेल, पण सेक्रेटरींची परवानगी घेतली आहे. वाचतो.

"ठराव क्रमांक ७. जिन्यालगतची छपराखालची जागा संबंधित सभासदांच्या प्रकृतीमुळे, सेक्रेटरींनी स्वखुशीने, तात्पुरत्या वापरासाठी दिली आहे. सदर सदनिकेची विक्री झाल्यास जागा मूळ सभासदाकडे परत जाईल. ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली इतिवृत्त टाईप करणाऱ्याचं नाव आहे. ते माझंच आहे.