आकाशाची शिरगणती

(अलिबाग येथील व्याख्यानाचा सारांश)



मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मापन १९०४ साली आपल्या या अलिबागेत आले. सूक्ष्म ते टिपायचे, तर भोवती शांतता हवी. आकाशातील रेडिओ-तरंग टिपणाऱ्यांनाही हीच अट आहे.

डॉ. गोविंद स्वरूप १९६३ साली अमेरिका सोडून स्वदेशी परतले. १९६५ साली कल्याणला, १९७० साली उटीला आणि पुढे नारायणगावाजवळ खोडदला त्यांनी रेडिओ-दुर्बिणी उभारल्या. खोडदच्या ३० तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. पोलादी तारांची विरळ जाळी ताणून बसवण्याच्या युक्तीने खर्च आटोक्यात राहिला.

या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग न्याहाळला. दूरस्थ दीर्घिका, क्वेसार, स्पंदतारे अशा सहा लाखांहून अधिक स्रोतांची सूची २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि जगाला खुली झाली.

मात्र एक गोष्ट मनाला लावून घ्यावी. वेध आपल्या भूमीवर घेतले गेले. त्यांवर नव्याने संस्करण करून ही सूची सिद्ध केली ती ह्युब इंटेमा व परदेशी संस्थांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचे ऋण मानावे. पण धान्य पिकवणाऱ्याने दळणही शिकावे. यंत्र उभारणे हा पराक्रम, तर नोंदींची चिकाटीने मांडणी करणे ही तपश्चर्या. आपल्या घरांतील मुलांनी या तपश्चर्येकडे वळावे, हीच प्रार्थना.