द्राक्षमळ्यांच्या जिल्ह्यात परमिटचे वय

महाराष्ट्रात मद्यपानाचे कायदेशीर वय एक नसून दोन आहेत. बिअर आणि वाइनसाठी 21 वर्षे, तर व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक दारूसाठी 25. या व्यवस्थेच्या मुळाशी मुंबई राज्याच्या काळातला 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि तो आजही लागू आहे. त्याच्या चौकटीत मद्यपान हा हक्क नाही, परवान्याने मिळणारी सवलत आहे. म्हणूनच एक दिवसाचे, वर्षाचे किंवा आजीवन परमिट काढावे लागते आणि ‘परमिट रूम’ हे नावही त्यातूनच आले. शेजारच्या गोव्यात हेच वय 18 आहे, ब्रिटनमध्ये 18, अमेरिकेत 21. तिथे बारमध्ये राजरोस बसणारा बावीस वर्षांचा मुलगा सुट्टीत नाशिकला आला, तर त्याच्यासमोर व्हिस्कीचा पेग ठेवणे बेकायदा ठरते. परदेशी पासपोर्टने त्यात सूट मिळत नाही.

नाशिकला या विषयाची धार जास्त आहे. 1999 मध्ये सुला ही वाइन कंपनी स्थापन झाली आणि 2001 मध्ये राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले. त्यानंतर गंगापूर धरणाच्या परिसरापासून दिंडोरी-विंचूरपर्यंत वायनरी उभ्या राहिल्या. द्राक्ष बागायतदाराला त्यातून बाजार मिळाला, ही मोलाची गोष्ट आहे. पण शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबे मुलाबाळांसह टेस्टिंगला येतात, तेव्हा ‘घोटभर घे, द्राक्षाचाच रस आहे’ असे म्हणणारे घरचेच कोणीतरी असते. हा समज घातक आहे. वाइनमध्ये साधारण 12-13 टक्के अल्कोहोल असते. बिअरबद्दलही असाच गैरसमज आहे. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची एक बाटली म्हणजे 52 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, म्हणजेच व्हिस्कीचे 30 मिलिलिटरचे चार पेग. ‘नुसती बिअर घेतली’ म्हणणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या पोटात तेवढी दारू गेलेली असते.

त्या वयात ती सोसत नाही. वजन कमी असल्याने रक्तातले प्रमाण लवकर चढते आणि सवय नसल्याने कुठे थांबायचे ते कळत नाही. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग सर्वांत शेवटी पक्व होतो, आणि दारू आधी त्याच्यावरच अंमल करते. पंधराव्या वर्षाच्या आत सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसन जडण्याचे प्रमाण एकविशीनंतर सुरुवात करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. तातडीचा धोका मात्र त्याच रात्रीचा असतो. शुद्ध हरपलेल्या मुलाला उताणे निजवले, तर उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. लिंबूपाणी किंवा कॉफी पाजून दारू उतरत नाही, उलट ठसका लागतो. अशा मुलाला कुशीवर वळवून ठेवावे, एकटे सोडू नये आणि 108 ला फोन करावा. घरी कळेल या भीतीने मित्र हा फोन टाळतात, आणि अनर्थ ओढवतो तो तिथेच.

कायद्याचा मुख्य रोख दारू देणाऱ्यावर आहे, ही गोष्ट पालकांना बहुधा माहीत नसते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार अठरा वर्षांखालील मुलाला मद्य दिल्यास किंवा देवविल्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. डॉक्टरांच्या सूचनेचा तेवढा अपवाद आहे. थर्टी फर्स्टला पुतण्याच्या ग्लासात ओतणाऱ्या काकांना तो लागू होत नाही. स्वतः मुलगा कायद्याच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ठरतो. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि त्याचे नाव वा फोटो छापता येत नाही. अठरा पूर्ण झाली की हे संरक्षण संपते. परदेशी शिक्षणाच्या व्हिसासाठी पोलिसांचा दाखला काढताना प्रलंबित गुन्हा आडवा येतो.

गाडी मधे आली की सगळेच बिघडते. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे, या पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मंडळाने काही तासांत जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, त्यावर देशभर संताप उसळला. पण त्या निबंधाच्या गदारोळात पुढचे मागे पडले: मुलाला दारू दिल्याच्या आरोपावरून बारचालकांना अटक झाली, वडिलांवर गुन्हा दाखल झाला आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरही गजाआड गेले. मुलाला सज्ञान मानून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली.

पिण्याची सवय लागल्याची शंका आली, तर पोलिसांआधी डॉक्टर गाठावा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मुलांसाठी 1098 या विनाशुल्क हेल्पलाइन आहेत. पुण्यात 1986 पासून डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी उभारलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांशीही बोलले जाते.